आधी हवा टाका

बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि सनई ही चारही वाद्यं फुंकीची, पण प्रत्येकाचा श्वास निराळा. एकाच बैठकीत एक खाली ठेवून दुसरं उचलणाऱ्या वादकाची परीक्षा बोटांपेक्षा छातीत जास्त होते. नाशिकरोडच्या पुढे, गोदावरीकाठी थर्मलच्या चिमण्या दिसतात ते एकलहरे माझं गाव. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे वीज तयार व्हायला लागली, राज्यभरातून माणसं नोकरीला आली आणि येताना आपापली भजनं, आरत्या, वाजपही घेऊन आली. त्या सगळ्यांच्या संगतीत मी वाजवायला शिकलो. लग्नसराईत वरातीला क्लॅरिनेट, लग्नघरी सनई, एकादशीला भजनी मंडळात बासरी आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचा निरोप आला की सॅक्स, असं माझं वाजवणं आहे. नवी पोरं विचारतात, काका, एवढा दमसास कमावला कसा? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. दम छातीच्या मापावर नसतो

फुंकीचं वाद्य वाजवायला मोठी छाती लागते हा समज फार घट्ट आहे. पंडित हरिप्रसाद चौरसियांचे वडील पहिलवान होते आणि लहानपणी तेही आखाड्यात उतरले, ही गोष्ट बासरीवाल्यांत नेहमी सांगितली जाते. व्यायामाचा फायदा होतोच, त्याबद्दल वाद नाही. पण धडधाकट माणसाच्या फुप्फुसांत मावते पाच-सहा लिटर हवा, आणि त्यातली लिटर-सव्वा लिटर कितीही जोर लावला तरी बाहेर येत नाही. उरलेली हवा तुम्ही कशी खर्च करता, यावर सगळं अवलंबून असतं. किरकोळ अंगाचे सनईवाले भर उन्हात तासभर वाजवताना मी पाहिले आहेत. दंड फुगवणारे तरुण बासरीच्या मंद्र पंचमावर चार मात्रांत रिकामे होतानाही पाहिले आहेत.

२. बासरीत हवा संपते, सनईत हवा साठते

माझ्या सगळ्या अनुभवाचं मूळ हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बासरीत ओठांतून निघालेली फुंक मुखरंध्राच्या काठावर आपटते. काही आत जाते, काही बाहेर सांडते. अडवायला मध्ये पत्ती नाही, कळ नाही. त्यामुळे दाब फारसा लागत नाही, पण हवा भसाभस खर्च होते. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) लोकसंगीतातल्या छोट्या बासरीऐवजी जवळपास ३२ इंचांची लांब बासरी रागसंगीतात आणली, तेव्हापासून मंद्र सप्तकाची श्रीमंती आली आणि हवेचा खर्चही वाढला. पांढरी तीनच्या बासरीवर खर्जात आलाप करताना छाती रिकामी होत जाते आणि वादक पुढच्या श्वासाची जागा शोधत असतो.

सनईत बरोबर उलटं. दोन पत्त्यांमधली फट इतकी बारीक की हवा मोठ्या दाबानं, पण अगदी थोडीथोडी जाते. वाजवणारा थकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तरी छाती भरलेलीच असते. ती हवा वापरून झालेली, शिळी हवा असते. श्वास घ्यायची जी तगमग होते ती बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडल्यानं होत नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. अशा वेळी माणूस घाबरून आणखी श्वास ओढतो. भरलेल्या छातीत जागाच नसते, वरवरचा घोट तेवढा आत जातो आणि गुदमरणं वाढतं. युरोपातले ओबो वाजवणारे याच अडचणीला तोंड देतात, कारण त्यांची पत्तीही दुहेरी आणि फटही तशीच अरुंद.

माझे सनईचे गुरुजी जातीचे गुरव. देवळातली सेवा करून उरलेल्या वेळात शिकवायचे. धड्याच्या सुरुवातीला रोज एकच वाक्य: "आधी हवा टाक, मग घे." त्या वयात ते नुसतं शिस्तीचं बोलणं वाटायचं. चार वाद्यं हाती आल्यावर कळलं की अदलाबदलीचं सगळं शास्त्र त्यात आहे. कुठलंही वाद्य खाली ठेवल्यावर पहिली क्रिया श्वास घेण्याची नसते, सोडण्याची असते. तोंड उघडून, खांदे सैल टाकून, पोट आत जाईपर्यंत हवा जाऊ द्यायची. पूर्ण सोडली की पुढची हवा आपसूक खोल उतरते, ओढावी लागत नाही. बासरीवरून क्लॅरिनेटवर जाताना हे दोन सेकंदांत होतं. सनईवरून बासरीवर जायचं असेल तर दोन-तीन वेळा करावं लागतं, आणि तेवढी फुरसत काढावीच लागते. निवेदकाला आधी सांगून ठेवा, तबलजीला सांगून ठेवा.

३. गवंड्याच्या नळीवर दाब दिसतो

पोरांना दाब हा शब्द सांगून समजत नाही. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तसली स्वच्छ नवी नळी आणा. भिंतीवरच्या खिळ्यांना इंग्रजी यू आकारात टांगा, निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक लांब ठेवून ओठांच्या कोपऱ्यात धरा आणि वाद्य वाजवा. एका बाजूचं पाणी उतरतं, दुसऱ्या बाजूचं चढतं. दोन्ही पातळ्यांतलं अंतर म्हणजे तुमच्या तोंडातला दाब.

बासरीच्या खालच्या सुरांना हे अंतर चार बोटांच्या आसपास राहतं आणि तार सप्तकात वाढत जातं. क्लॅरिनेटला वीत ते दोन विती. सनईला हातभर, कधी त्याहूनही जास्त, म्हणून नळी उंच टांगावी लागते. सॅक्सोफोन दाबात क्लॅरिनेटच्या जरा खाली, पण हवा त्याच्यापेक्षा जास्त खातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सनईनंतर क्लॅरिनेट का किंचाळते ते वेगळं समजवावं लागत नाही. पोटाचे स्नायू अजून हातभर पाणी उचलायच्या तयारीत असतात, आणि समोरचं वाद्य वीतभरच मागत असतं.

सावधगिरीची एकच गोष्ट: नळी तोंडात असताना श्वास आत ओढायचा नाही.

४. जोर वाढवला की सूर कुठे सरकतो

बासरीवर फुंक वाढवली की सूर चढतो, कमी केली की उतरतो. त्यामुळे लांब सुराच्या शेवटी श्वास संपत आला की बासरीवाला नकळत ओठांचं छिद्र लहान करून किंवा बासरी किंचित बाहेर फिरवून सूर सांभाळतो. ही सवय हाडात मुरते. क्लॅरिनेटवर ओठ तसेच ठेवून जोर वाढवला तर सूर किंचित उतरतो, आणि सूर मालवत नेला तर चढायला बघतो. म्हणजे बासरीवरून आलेला वादक सुराच्या शेवटी जी काळजी घेतो तीच क्लॅरिनेटवर त्याला बेसूर करते. सनई पुन्हा जोराबरोबर चढणारी.

सप्तक बदलण्याचंही तसंच. बासरीवर बोटं तीच ठेवून फुंकीचा वेग वाढवला की मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. क्लॅरिनेटला मागची कळ असते, आणि ती दाबली की त्याच बोटांवर षड्जाचा थेट तार सप्तकातला पंचम निघतो, कारण तिची नळी एका बाजूनं बंद असल्यासारखी वागते. तिथे सूर कळ बदलते, फुंकीनं मुकाट वाहत राहायचं असतं. बासरीवाल्याची छाती मात्र वर जायचं म्हटलं की आपोआप ढकलते. यावर मला लागू पडलेला उपाय एवढाच: वाद्य बदलल्यावर पहिला सूर मधल्या सप्तकातला, मध्यम आवाजातला, चार मात्रांचा. तो स्थिर लागला की वर-खाली जायचं. मुखड्याच्या आधी तेवढी जागा मिळणार नसेल तर हार्मोनियमवाल्याला चार मात्रा जास्त भरायला सांगावं. चांगला साथीदार कधी नाही म्हणत नाही.

५. सूर धरणाऱ्याकडून शिका

सनई-चौघड्यात लोकांचं लक्ष मुख्य सनईकडे असतं. शेजारी एक जण नुसता षड्ज धरून बसलेला असतो. त्याच्या वाद्याला सूर म्हणतात. तो कार्यक्रमभर तुटत नाही. शिकाऊ पोराला आधी हेच काम मिळायचं आणि त्यामागे मोठं शहाणपण होतं. गालांत हवेचा साठा धरायचा, तो गालांनी पत्तीत ढकलत असतानाच नाकानं नवा श्वास घ्यायचा. नाकातून श्वास घेताना गाल ढिले पडू न देणं, एवढंच त्यातलं अवघड.

हे तंत्र आपल्याकडे दरबारापुरतं कधीच नव्हतं. जव्हार-मोखाड्याकडे वारली लोकांचा तारपा रात्र रात्र चालतो, नाचाचा फेर मोडू नये म्हणून वाजवणारा थांबत नाही. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठ भागात पावरी आहे, तिलाही भोपळा, तिचाही सूर अखंड. सोलापूरच्या जाधव घराण्यानं नावारूपाला आणलेली सुंद्री सनईहून आखूड, पण तिचा दमसास ऐकावा आणि थक्क व्हावं. यांतल्या कित्येक वादकांनी शाळेचं तोंड पाहिलं नसेल, पण श्वासाचं त्यांचं ज्ञान कुठल्याही विद्यापीठात शिकवण्यासारखं आहे. ते नीट लिहून ठेवायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

सुरुवात पेलाभर पाणी आणि सरबताच्या नळीनं करावी. नळीनं बुडबुडे काढत राहायचे आणि ते न तुटता नाकानं श्वास घ्यायचा. ते जमल्यावर नळीचं टोक दाबून फट बारीक करायची, मग सनईची पत्ती नुसती, मग सनई.

पण तंत्र येतं म्हणून सगळीकडे वापरू नये. गालांतला साठा बासरीवर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, आणि मुळात बासरीला त्याची फारशी गरज नाही. पन्नालालजींपासून बासरी गायकी अंगानं वाजते. गवई जिथे श्वास घेईल तिथे बासरीवाल्यानं घ्यावा. श्वासाची ती फट संगीताचाच भाग आहे. अखंड सुराच्या हौसेपायी आलापातली विरामाची जागा बुजवणं मला पटत नाही.

६. क्रम आपल्या हातात असेल तर बासरी आधी

सनईनंतर ओठ बधिर होतात, झिणझिण्या येतात. बासरीला ओठांमधलं तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र नेमकं लागतं. म्हणून कार्यक्रम ठरवताना बासरीची गाणी आधी, मग सॅक्स किंवा क्लॅरिनेट, सनई शेवटी. लग्नात हे जमत नाही, मंगलाष्टकांची वेळ भटजी ठरवतात. तिथे सनई आणि बासरीच्या मध्ये एक गाणं दुसऱ्या कुणाचं तरी ठेवून घ्यावं.

अदलाबदलीची ही कला मोठ्या पातळीवर पाहायची तर मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचं नाव घ्यावं लागेल. १९५८मध्ये कलकत्त्याहून मुंबईला आले. सॅक्सोफोन, चावीची बासरी, क्लॅरिनेट तिन्हींवर हात. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासुदेव चक्रवर्तींबरोबर वर्षानुवर्षं संगीत संयोजन केलं. त्या काळी सगळे वादक एकत्र बसून ध्वनिमुद्रण व्हायचं. एकाचा श्वास चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आजही संगीतिकेच्या वाद्यवृंदात एकेका वादकापुढे जी वही असते तिच्यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्स असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं, आणि बदलायला काही मात्रांचीच उसंत. तिथले वादक वाद्यं स्टँडवर उभी करून हाताशी ठेवतात. आपल्याकडे ती खुर्चीवर आडवी पडलेली असतात, वाकून उचलावी लागतात आणि वाकताना पोट दाबून श्वास मोडतो. स्टँड घ्या. सॅक्सचा, क्लॅरिनेटचा बाजारात मिळतो, बासरी-सनईसाठी सुतार करून देतो.

वाद्य उचलल्यावर टाकायची ती हवा वाद्यातच टाकावी. ओठ सैल ठेवून क्लॅरिनेटमध्ये किंवा सॅक्समध्ये आवाज न काढता संपूर्ण उच्छ्वास सोडायचा. हिवाळ्याच्या रात्री गार पडलेलं वाद्य उतरलेलं असतं, ते गरम होऊन सुरात येतं आणि आपली छातीही मोकळी होते. सनईच्या पत्त्या मात्र ओल्या ठेवाव्यात. वाळलेली पत्ती दुप्पट जोर मागते आणि तो जोर मग पुढच्या वाद्यापर्यंत अंगात राहतो.

७. वरात

बँडच्या पोशाखाचा पट्टा एक भोक सैल बांधावा. पोट पुढे यायला जागाच नसेल तर श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि खांदे दुखतात. सॅक्सचा गळ्यातला पट्टा उलट आखूड करावा, म्हणजे वाद्य तोंडाशी येतं. मान खाली वाकली की घशाची वाट अरुंद होते. नाशिकरोड-देवळाली भागात लष्करी छावण्या असल्यामुळे पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेली माणसं इथे भेटतात. अशाच एका मास्तरांनी मला चालताना श्वास पावलांवर बांधायला शिकवलं: डाव्या पावलावर घ्यायचा, पुढची सहा-आठ पावलं वाजवायचं.

जनरेटरच्या गाडीच्या मागे कधी चालू नये. आयोजकांशी आधीच बोलून ती बँडच्या मागे ठेवायला लावावी. फटाक्यांची माळ लागली की वाद्य तोंडातून काढून बाजूला व्हावं, धूर निवळेपर्यंत ताशा-ढोलवाले सांभाळून घेतात. पोटभर जेवून वाजवू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पंगत आधी वाढली की कुणी पाळत नाही.

८. चक्कर दोन प्रकारची, उपाय उलटे

नव्या विद्यार्थ्याला बासरीवर गरगरतं. भराभर खोल श्वास घेऊन सोडल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड फाजील कमी होतो, बोटांना मुंग्या येतात. यावर उपाय थांबणं. आणखी खोल श्वास घ्यायचे नाहीत, नेहमीसारखं शांत बसायचं, दोन मिनिटांत उतरतं. सनईवर डोकं जड होऊन कानशिलं ठणकतात, त्याचं कारण साठलेली हवा आणि दाब, तिथे उपाय पूर्ण उच्छ्वास. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर त्रास वाढतो, म्हणून गुरूनं आधी विचारावं, कशावर वाजवत होतास?

जास्त अडथळ्याची वाद्यं जोरात वाजवताना डोळ्यांतला दाबही तेवढ्यापुरता वाढतो, हे तपासण्यांतून दिसलेलं आहे. काचबिंदू, रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी सनईच्या नादाला लागण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बासरी त्यांना बहुतेक वेळा मानवते.

९. रियाज कधी

पहाटेच्या रियाजाचं माहात्म्य मी नाकारत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठी धुकं खाली बसतं, शेकोट्यांचा आणि रस्त्यावरचा धूर त्यात अडकतो. त्या दिवसांत मी खर्जाचा रियाज ऊन वर आल्यावर करतो, पहाटे नुसते पलटे बोटांवर. पलीकडच्या देवळालीत एके काळी कोरड्या, स्वच्छ हवेसाठी सॅनेटोरियमं उभी राहिली, लांबून माणसं छाती सुधारायला येत. फुंकणाऱ्यानं हवेची तेवढीच कदर करावी. तंबाखू आणि बिडीबद्दल वेगळं काय सांगू? बँडच्या धंद्यात तिनं फार चांगले वादक लवकर संपवले आहेत. ते पाहणं सोसवत नाही.

१०. वहीत दोन खुणा

बासरी शिकणारी मुलं स्वरलिपीत श्वासाच्या जागी स्वल्पविराम घालतात. सनई, क्लॅरिनेट शिकणाऱ्यांना मी दुसरी खूण शिकवतो: रिकामं वर्तुळ, म्हणजे इथे हवा टाकायची. दोन्ही खुणा एकाच जागी बसवायच्या नाहीत. सनईवर एका समेला टाकायची आणि लगेच वाजवत राहायचं, पुढच्या समेला घ्यायची. उरलेल्या हवेवर एक आवर्तन सहज निघतं, कारण सनईला लागते ती थोडीच. मुलांना आधी भीती वाटते, रिकाम्या छातीनं वाजवायचं कसं? एकदा केरव्याच्या आठ मात्रा निघाल्या की ती जाते. वाद्य बदलायची जागा आली की वहीत वर्तुळाखाली रेघ मारायची, आणि त्या रेघेवर निवेदकानं कितीही घाई केली तरी हवा टाकल्याशिवाय पुढचं वाद्य तोंडाला लावायचं नाही.